न घेतलेलं शील

आता मी रोज संध्याकाळी जेवते. दिवे लागले की घरात भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळानं हे आतून हाक मारतात, "ये गं, वाढलंय." मी जाते आणि बसते. एवढीशी गोष्ट. पण मध्ये काही दिवस ती आमच्या घरातून गेली होती. परत आली तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते. मी चौथीपर्यंतच शिकले, पण मराठी शाळेत शिकले. आमचा मुलगा ह्या तेलुगू मुलखात वाढला, मराठी लग्नाची पत्रिका आली तर एकेक अक्षर जुळवत वाचतो, सुनेला तेवढंही येत नाही, आणि ह्यांना माझं अक्षर लागत नाही. त्यामुळं मी निर्धास्त आहे.

लहानपणापासून माझ्या तोंडातून शब्द लवकर निघत नाही. भाजीवालीनं किडकी वांगी घातली तरी मी पिशवी उचलून घरी येते. परदेशी गेले तीही अशीच. नाही म्हणता आलं नाही, म्हणून.

आमच्या वस्तीतल्या विहारात एका पौर्णिमेला लंकेहून एक भंतेजी आले होते. तिकडं डोंगरातल्या एका गावात निराधार म्हाताऱ्या बायकांचा आश्रम आहे. तिथं स्वयंपाकाला आणि त्यांची देखभाल करायला सेविका हव्या होत्या. पगार नाही. राहणं, जेवण, जाणं-येणं त्यांच्याकडं. चौघींनी नावं दिली. पुढच्या पौर्णिमेपर्यंत एकीच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं, एकीला नवऱ्यानं जाऊ दिलं नाही, एकीचा गुडघा सुजला. उरली ती म्हणाली, "ही आली तर मी जाते," आणि तिनं माझा हात धरून वर केला. मी तिच्या शेजारी बसले होते, एवढाच माझा संबंध.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. वाटलं, हे म्हणतील, भंतेजी, हिला नाही जमायचं, ही कुणाशी बोलत नाही. हे मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. मला वाटलं, ह्यांना मी जावं असंच वाटतंय. ज्या बाईनं माझा हात वर केला तिचा पासपोर्ट वेळेवर आला नाही. माझा आला.

तिथं मी वर्षापेक्षा थोडं कमी राहिले. त्याविषयी लिहायचं म्हटलं तर फार काही सुचत नाही, कारण तिथं मला काही त्रासच झाला नाही. माझी भाषा कुणाला येत नव्हती, त्यामुळं मी का बोलत नाही असं कुणी विचारलं नाही. सकाळी अंधारात उठून लाल तांदूळ धुवायचा, नारळ खवायचे, म्हाताऱ्यांच्या वेण्या घालायच्या. एकजण जेवताना माझ्या पदराचं टोक धरून बसायची आणि घास तोंडात घ्यायचीच नाही. तिच्यासाठी मी तिकडचा एकच शब्द शिकले, "कन्न." म्हणजे जेवा. मी म्हणायची, कन्न, कन्न, आणि ती हसून तोंड उघडायची.

भिक्षू आणि व्रत घेतलेल्या म्हाताऱ्या दुपारी बाराच्या आत जेवत. त्यानंतर मोठ्या दालनात ताट लागत नसे. आम्ही राबणाऱ्या बायका मात्र संध्याकाळी मागच्या पडवीत बसून पोटभर भात आणि नारळाची झणझणीत चटणी खायचो. अष्टशीलाचं व्रत मी तिथं फक्त पौर्णिमेला पाळत होते, इथं पाळायची तसंच. त्यात बारानंतर न जेवण्याचं एक शील असतं. एक दिवस निभतं.

आता घोटाळा कुठं झाला ते सांगते. आश्रमातून आठवड्याला एकदा घरी फोन करू द्यायचे. फोनवर काय बोलावं हे मला समोरासमोर बोलण्याहून कठीण. हे रोजचंच विचारायचे, "जेवलीस का?" एकदा मी म्हटलं, "इथं बारानंतर जेवण नसतं." मी त्या मोठ्या दालनाचं सांगत होते. मग हे म्हणाले, "तूसुद्धा?" तेवढ्यात वंदनेची घंटा वाजली आणि मला घाईत कोणता प्रश्न आहे ते नीट कळलं नाही. मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

परत आले तेव्हा इकडं वेगळ्या तेलंगाणा राज्याची चळवळ जोरात होती. चेन्नईहून रात्रभर गाडीत बसून नामपल्लीला उतरले, तर बाहेर बंद. ऑटो नाही, बस नाही, स्टेशनासमोरच्या हॉटेलांची शटरं खाली. मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता. माझी पिशवी त्यानं पुढं टाकीवर ठेवली. म्हणाला, "बैस आई, गल्लीबोळातून नेतो. मेन रोडला टायर जळतायत."

माझ्या अंगावर पांढरी साडी होती. तिकडं सगळ्या सेविका पांढऱ्या साड्याच नेसत. माझ्या रंगीत साड्या मी निघताना म्हाताऱ्यांना देऊन आले होते, त्यांना रंगाची फार हौस. आमच्यात पांढरी साडी शुभ. लग्नात नवरीसुद्धा पांढरीच नेसते. पण शेजारच्या तेलुगू बाईंना ते कुठलं माहीत असायला? तारनाक्याच्या मागं आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा त्या दारात रांगोळी काढत होत्या. मला पाहून त्यांच्या हातातली रांगोळी सांडली.

"अय्यो वदिना! एमैंदी? अन्नय्या?" वदिना म्हणजे वहिनी, अन्नय्या म्हणजे आमचे हे. काय झालं, कधी झालं, असं म्हणत त्या माझ्या गळ्यातच पडल्या आणि रडायला लागल्या. मी काय सांगणार? माझ्या गळ्यातून शब्द निघेना, ते पाहून त्या आणखी मोठ्यानं रडायला लागल्या. तेवढ्यात आमचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. कमरेला पंचा, हातात उलथनं.

"काय झालं? कोण गेलं?" हे म्हणाले.

शेजारीण ह्यांच्याकडं बघते, माझ्याकडं बघते. मुलाला हसू आवरेना. "आप गये थे, बाबा. वापस आ गये," तो म्हणाला.

ह्यांच्या हातात उलथनं का, हा मला प्रश्न पडला होता. हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर होईपर्यंत ह्यांनी स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी गेल्यावर सून एका इंग्रजी शाळेत नोकरीला लागली. दुपारी घरात कुणी नाही, म्हणून हे शेजारणीला विचारून उपमा शिकले, मग आमटी, मग भाकरी. आता स्वयंपाकघर ह्यांचंच झालं होतं. डब्यांच्या जागा बदलल्या होत्या. मिठाची बरणी खिडकीत, तिखटाचा डबा खाली, पक्कड आणि नटबोल्टचे पाने भिंतीला खिळे मारून रांगेनं टांगलेले, वर्कशॉपसारखे.

त्या संध्याकाळी जेवायला हाक आली. गाडीतल्या जागरणानं माझे डोळे मिटत होते. मी मान हलवून नको म्हटलं. हे सुनेकडं पाहून हळूच म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

मला तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी साडेअकरालाच माझं ताट समोर आलं, आणि काय ताट! वरण, भात, दोन भाज्या, वर तूप. हे समोर बसून घड्याळाकडं बघत वाढत होते. "घे, घे, अजून वेळ आहे." संध्याकाळी मी भाकरी करावी म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ह्यांनी दारातच अडवलं.

"तू नको येऊस. वास येतो, मन चळतं. आम्ही करतो आमचं."

"पण..." मी म्हटलं.

"पणबिण काही नाही. तुझं शील आम्ही मोडू का?"

आणि दार बंद झालं. आतून भांड्यांचा आवाज अगदी हळू येत होता, कुणी आजारी असल्यासारखा. मी बाहेर खाटेवर बसून राहिले. तेव्हा कुठं मला तो फोन आठवला.

त्याच वेळी दार ढकलून, मी शील घेतलेलं नाही, मला भूक लागली आहे, असं म्हणायला हवं होतं. लिहायला किती सोपं वाटतं. मी उठलेसुद्धा. दाराशी गेले तर आत हे मुलाला सांगत होते, "आपल्या खानदानात कुणी एवढं केलं नाही. तुझी आई एका दमात करून आली." ह्यांच्या आवाजात असं काही होतं की मी मागं फिरले. माझा ह्यांना कधी अभिमान वाटेल असं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. आणि आता वाटत होता, तो मी न केलेल्या गोष्टीचा.

मग रोज तेच. सकाळी मी दोघांचं जेवण जेवायची आणि संध्याकाळी पाणी प्यायची. हे माझ्यासाठी बिनदुधाचा गुळाचा चहा करायचे, तो तेवढा शीलात चालतो म्हणून. त्याच्या पातेल्यात मी डोकावून बघायची, तळाशी काही तरी असेल असं वाटायचं. घरात टीव्ही बंद झाला. मटण येणं बंद झालं. मुलगा संध्याकाळी उशिरा यायला लागला. सून माझ्याशी बोलताना आवाज खाली आणायची. पूर्वी ती मला टोमणे मारायची, मी भाजीत मीठ कमी टाकते म्हणून, आणि मला ते आवडायचं. आता "हौ आत्या, जी आत्या." माझी वाटी मी उचलली तर तिनं ती हातातून घेतली, जणू मी पाहुणी. आश्रमात मी इतक्या बायकांचं खरकटं काढलं, आणि माझ्या घरात मला माझी वाटी धुवायची परवानगी नव्हती.

एकदा तिला शाळेला सुटी होती म्हणून आम्ही दोघी बेगम बाजारला गेलो, वर्षाचं तिखट करायला मिरच्या आणायला. जाईपर्यंत दुपार झाली. मिरच्यांच्या पोत्यांमधून फिरताना ठसका लागतो, डोळ्यांना पाणी येतं, पण मला तो वास इतका बरा वाटत होता. तिथून बाहेर पडलो तर कोपऱ्यावर मिरची भजी तळत होते. सून थांबली. भज्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा भज्यांकडं.

"आत्या, राग मानू नका. सकाळपासून पोटात काही नाही. तुम्ही जरा तिकडं तोंड करता का?"

मी तिकडं तोंड केलं. तिकडं जिऱ्याचं दुकान होतं. मागून तिच्या चावण्याचा कुरकुर आवाज येत होता. मी मनात म्हणाले, आता म्हण. एक भजं मला दे, एवढंच म्हण. मी वळलेसुद्धा. तिनं पटकन हातातला कागद पदराआड लपवला आणि तोंड पुसलं. तिला इतकं ओशाळं झालं की मी म्हटलं, "चल, उशीर होतो."

पौर्णिमेला विहारात तर कळसच झाला. ह्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी आत गेले तर बायकांनी मला पुढं बसवलं. मी कायम मागच्या भिंतीला टेकून बसणारी. ज्या बाईनं माझा हात वर केला होता ती माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी पाय मागं घेतले. "बघा कशी नम्र झाली," ती म्हणाली.

वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी मी अडले. खोटं बोलणार नाही, असं ते शील. मी खोटं बोललेच कुठं होते? मी काहीच बोलले नव्हते. पण सगळे मला जे समजून बसले होते ते खोटं होतं, आणि मी त्याच्यावर बसले होते, पुढच्या सतरंजीवर, पांढरी साडी नेसून. भूक सोसता येते. ते सोसवेना. घरी येताना मी ठरवलं की आज सांगायचं. मग वाटलं, आज नको, आज ह्यांनी चारचौघांत एवढं कौतुक केलं आहे. ह्यांचं तोंड कसं होईल? उद्या सांगू. उद्याही तेच वाटलं.

असे किती दिवस गेले असते कोण जाणे. पण एका संध्याकाळी विद्यापीठाच्या बाजूनं ढोल वाजायला लागले. आधी फटाके, मग माणसांचा आरडाओरडा, मग गल्लीतून पोरं गुलाल उधळत पळाली. वेगळं राज्य मंजूर झालं होतं. आम्ही सगळे गेटशी येऊन उभे राहिलो. मुलगा नेमका त्या दिवशी लवकर आला होता. हे म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी राज्यं वाटली, तेव्हा आपली अर्धी माणसं महाराष्ट्रात गेली आणि आपण इथं राहिलो. आता पुन्हा वाटणी. आपण मात्र आहोत तिथंच."

"मग बरंय की मामा," सून म्हणाली. "सामान बांधायला नको."

तेवढ्यात शेजारीण आली. केसांत गुलाल, हातात बुंदीच्या लाडवांचं ताट. तिच्या दोन्ही मुलांनी ह्या चळवळीत लाठ्या खाल्ल्या होत्या, तिला आनंद कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"वदिना! वच्चिंदी! तेलंगाणा वच्चिंदी!" आलं, आलं, असं ओरडत ती सरळ माझ्याकडंच आली. मला वाटतं, त्या पहिल्या दिवशी चुकून रडली होती, त्याचीही भरपाई तिला करायची होती. तिनं अख्खा लाडू उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. "तिनु वदिना, तिनु!"

खा, खा. आमच्या गल्लीत तेवढं तेलुगू कुणालाही कळतं.

"नको, नको!" हे मध्ये पडले. "अहो, त्यांना चालत नाही. बारा वाजून गेले. त्यांचं शील आहे!"

"क्या शील? राज्य मिला अन्नय्या! मुँ मीठा करना!" असं म्हणून तिनं लाडू माझ्या तोंडात घातला.

पुढचं मला सगळं हळूहळू झाल्यासारखं आठवतं. हे हात पुढं करून उभे होते, मी लाडू थुंकला तर झेलायला. सुनेनं तोंडावर हात ठेवला होता. मुलगा म्हणत होता, "आई, नक्को, बाहर निकाल." तोंडात साजूक तुपाचा आणि वेलदोड्याचा वास भरला होता. मी थुंकला असता तर शीलाचा मान राहिला असता, ह्यांचा राहिला असता, आणि मी पुन्हा त्या खाटेवर जाऊन बसले असते.

मी चावला. गिळला. मग शेजारणीच्या ताटातून दुसरा उचलला आणि तोही खाल्ला.

बाहेर ढोल वाजत होते. शेजारणीनं ताट मागं घेतलं, तिला वाटलं आपलं काही तरी चुकलं.

"मला भूक लागते," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की हे पुढं वाकले. मी पुन्हा म्हटलं, "रोज लागते. मी तसं शील घेतलेलं नाही. तिथंही संध्याकाळी जेवत होते."

हे पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दार लावून घेत होता."

"आणि फोनवर?"

"घंटा वाजली होती."

मागून कसला तरी आवाज आला. सून होती. पदर तोंडात कोंबून हसत होती, खांदे हलत होते. मग तिला ते आवरेना. "मामा, आता मी दार सताड उघडं टाकून जेवणार! महिना झाला, घरात चोरासारखं जेवतोय. पापड भाजायची भीती!"

"और मैं?" मुलगा म्हणाला. "मी रोज तारनाक्याच्या इराण्याकडं बसून समोसे खाऊन येतोय. घरी घास उतरत नव्हता, आई बाहेर उपाशी बसलेली. ॲसिडिटी झाली मला."

"मग तूही बोलला का नाहीस?" हे त्याच्यावर ओरडले.

"तुमच्यासमोर कोण बोलणार?"

शेजारणीला सुनेनं सगळं तेलुगूत सांगितलं. ती कपाळावर हात मारून घेऊन हसली आणि उरलेले लाडू ताटासकट आमच्याकडं ठेवून गेली.

हे अजून पायरीवरच होते. मी जवळ गेले. मला सगळ्यात जास्त भीती होती ती ह्यांचीच. हे हळूच म्हणाले, "विहारात मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"मला माहीत आहे."

"फोन ठेवल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही," हे म्हणाले. "मला वाटलं, तिकडं परक्या मुलखात ही उपाशी झोपते. मी पाठवली हिला. मग मीच मनाला समजावलं की हे शील आहे, मोठी गोष्ट आहे. तसं समजलं नसतं तर मला घास गेला नसता."

मी म्हटलं, "उठा. भूक लागली आहे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात गेले असं मला वाटलं. सुनेनं दार खरंच उघडं टाकलं, एक वीट लावून. हे भाकरी थापायला बसले, मी मिरचीचा ठेचा कुटला. मीठ शोधलं तर सापडेना. सून म्हणाली, "आत्या, खिडकीत. आणि भाजीत जरा नीट टाका, तुमचा हात नेहमी आखडता." मी तिच्याकडं पाहिलं. ती जीभ चावत होती. मी मूठभर टाकलं.

जमिनीवर चौघं गोल बसलो. भाकरीचा पहिला तुकडा मोडला तेव्हा सगळे माझ्या हाताकडं बघत होते. माझा चेहरा लाल झाला असणार. पण मी खाल्लं. एक भाकरी झाली, दुसरी झाली.

जेवता जेवता हे म्हणाले, "एक विचारू? तेव्हा विहारात तुझा हात वर केला, तेव्हा तुला जायचं होतं का?"

"नव्हतं."

ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, मला वाटलं तुला जायचंय. तू एकदाच आयुष्यात हात वर केलास. मी आडवा यायला नको म्हणून गप्प बसलो."

"हात तिनं वर केला होता," मी म्हटलं. "मी तुमच्याकडं बघत होते, तुम्ही नको म्हणाल म्हणून."

सून पुन्हा हसायला लागली. ह्यांना हसावं की काय करावं ते कळेना. मी म्हटलं, "पण गेले ते बरं झालं." ते खरंच होतं. ती पदर धरणारी म्हातारी आठवली. तिला आता कोण कन्न म्हणत असेल?

विहाराचं राहिलं होतं. पुढच्या पौर्णिमेपर्यंत ते माझ्या मनाला लागून होतं. मी ह्यांना म्हटलं, मी येत नाही. हे म्हणाले, "तू ये. बोलायचं मी बघतो." वंदना झाल्यावर हे उभे राहिले. ह्यांनाही चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणाले, "मागच्या वेळी मी सांगितलं ते चुकीचं होतं. आमच्या हिनं तसं शील घेतलेलं नाही. मीच तसं समजलो आणि तिला महिनाभर संध्याकाळी जेवू घातलं नाही. चूक माझी, शील मोडलेलं नाही." मग ह्यांनी फोनचंही सांगितलं, दाराचंही, आणि लाडवाचंही.

मी खाली मान घालून बसले होते. आधी एक हसली, मग दुसरी. विहारातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, ज्यांना सगळे आजी म्हणतात, त्यांनी काठी आपटली.

"बरं झालं बाई घरी बोललीस," त्या मला म्हणाल्या. "गेल्या पौर्णिमेपासून माझी सून म्हणतेय, आत्या, त्या लंकेच्या बाईंचं बघा, तुम्हीही बारानंतर सोडा, तब्येतीला चांगलं असतं. मला उपाशी मारायला निघाली होती!"

सगळा विहार हसला. मी त्या गोंधळात उठले आणि मागं जाऊन माझ्या भिंतीला टेकून बसले. कुणी अडवलं नाही.

आता मला दिवसभर कामं असतात. स्वयंपाकघर ह्यांनी सोडलेलं नाही. मी सकाळचं करते, हे संध्याकाळचं. पाने आणि पक्कड अजून भिंतीवर आहेत. मीठ मी खिडकीतून काढून पूर्वीच्या जागी ठेवते आणि हे पुन्हा खिडकीत नेतात, ह्याच्यावरून आमची कुरबुर चालते. पांढऱ्या साड्या पौर्णिमेसाठी ठेवल्या. शेजारीण मला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली आणि हिरवी साडी घ्यायला लावली.

आज ह्यांची आमटी खारट झाली होती. सून बोलली, मुलगाही बोलला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "खारट आहे," आणि ताट पुढं करून अजून एक पळी मागितली.